तालुक्याचा चौक, उसाच्या डबल ट्रॉल्या आणि मॉडेलिंगचं सॉफ्टवेअर: एका निवडीचा प्रकरण अभ्यास

लातूर–धाराशिव पट्ट्यातलं तालुक्याचं गाव. दोनपदरी राष्ट्रीय महामार्ग गावाच्या पोटातून जातो आणि भर चौकात त्याला राज्य मार्ग आडवा येतो. चौकाच्या एका अंगाला एसटी स्थानक, दुसऱ्या अंगाला मोंढा, आणि आडव्या रस्त्यानं सहा किलोमीटरवर साखर कारखाना. महामार्ग चौपदरी व्हायचा आहे. चौकाचं काय करायचं हे डीपीआरमध्ये, म्हणजे सविस्तर प्रकल्प अहवालात, ठरवायचं आहे: सिग्नल, गोल (मधल्या वर्तुळाभोवती वळणारा चौक), उड्डाणपूल, की गावाबाहेरून बायपास?

निविदेत याबद्दल एकच ओळ आहे. सूक्ष्म सिम्युलेशन (एकेक वाहन संगणकावर धावतं करून दाखवणारं) सॉफ्टवेअर वापरून विश्लेषण करावं आणि त्रिमितीय चित्रफीत सादर करावी. कोणतं सॉफ्टवेअर, कोणत्या प्रश्नासाठी आणि मॉडेल खरं आहे हे कशावरून मानायचं, यावर अक्षर नाही. अशा निविदेतून चित्रफीत हमखास मिळते. उत्तर मिळेलच याची खात्री नसते.

हा चौक नमुन्याचा आहे, मराठवाड्यात तालुक्यागणिक भेटेल असा. खालचे गणनेचे आकडे हिशेब उलगडून दाखवण्यासाठी धरले आहेत. संहितांमधले गुणक, सूत्रं आणि सॉफ्टवेअरचे गुणधर्म मात्र जसे आहेत तसेच दिले आहेत.

आधी प्रश्न वेगळे करणं

निविदेतल्या एका ओळीत दोन वेगळे प्रश्न कोंबलेले आहेत. बायपास काढला तर किती वाहनं चौकातून कमी होतील, हा पहिला. जी उरतील त्यांच्यासाठी चौक कसा बांधायचा, हा दुसरा. पहिला प्रश्न मार्गनिवडीचा आहे. त्यासाठी व्हिजम, ट्रान्सकॅड, क्यूब, एम्मे अशी स्थूल मॉडेलं असतात: गावांचे विभाग पाडायचे, कुठून कुठे किती फेऱ्या होतात याचं कोष्टक बनवायचं आणि त्या फेऱ्या रस्त्यांच्या जाळ्यावर वाटून द्यायच्या. छत्रपती संभाजीनगर किंवा नांदेडच्या सर्वंकष वाहतूक आराखड्याला हे लागतंच. एक गाव, एक जुना रस्ता आणि एक बायपास, एवढ्यासाठी व्हिजमचा परवाना विकत घेणं म्हणजे पैसे पाण्यात. गावाच्या दोन्ही टोकांना रस्त्यावर थांबवून मुलाखती घ्यायच्या, सरळ पुढे जाणाऱ्यांचं प्रमाण काढायचं आणि वेळ व अंतराच्या बचतीवरून किती जण वळतील ते स्प्रेडशीटमध्ये मांडायचं. एवढ्यात काम भागतं.

तो हिशेब इथे असा बसतो. गर्दीच्या तासात चौकातून 2700 वाहनं जातात: 1500 दुचाकी, 460 कार-जीप, 280 रिक्षा, 140 छोटे हत्ती आणि टेम्पो, 130 ट्रक, 70 बस, 40 डबल ट्रॉलीचे ट्रॅक्टर, 10 बैलगाड्या, 70 सायकली. कोणतं वाहन किती कारच्या बरोबरीचं हे सांगणारे गुणक भारतीय रस्ते काँग्रेसच्या (आयआरसी) संहितांत असतात. ग्रामीण रस्त्यांच्या आयआरसी 64 (1990) मधल्या गुणकांनी दुचाकी 0.5, कार-रिक्षा 1, हलकी मालवाहू 1.5, ट्रक-बस 3, ट्रॅक्टर-ट्रॉली 4.5, सायकल 0.5 आणि बैलगाडी 8 धरली, तर बेरीज 2595 पीसीयू, म्हणजे कारच्या बरोबरीची एककं, येते. मुलाखतींवरून 60 टक्के ट्रक आणि 30 टक्के कार सरळ पुढे जाणाऱ्या निघाल्या असं धरू. म्हणजे 78 ट्रक आणि 138 कार बायपासला जातील, 372 पीसीयू कमी होतील. एकूण भाराच्या 14 टक्के. दुचाकी, रिक्षा, एसटी आणि ऊस चौकातच राहतात, कारण त्यांचं काम गावातच असतं आणि कारखान्याचा रस्ता चौकातूनच फुटतो. बायपासला कारखान्याच्या रस्त्याचा जोड दिला तरच ट्रॅक्टर बाहेर पडतील. एवढं कळायला सॉफ्टवेअर लागत नाही, पण हा हिशेब कोणतंही सॉफ्टवेअर उघडण्याआधी व्हायला हवा. बायपासनं चौक मोकळा होईल, या समजावर पुढची सगळी चर्चा वाहवत जाते.

गणना कोणत्या दिवशी

जूनमध्ये मोजलेला चौक आणि जानेवारीत मोजलेला चौक हे दोन वेगळे चौक असतात. सोयाबीनची आवक दसरा-दिवाळीच्या सुमाराला मोंढ्यात सुरू होते, गाळप साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत चालतं, आणि नोव्हेंबरात दोन्ही एकमेकांवर येतात. पेट्रोल पंपांच्या विक्रीवरून हंगामी गुणक काढायची डीपीआरमधली नेहमीची रीत आहे. ती वर्षभराच्या सरासरीला चालते, उसाला चालत नाही. गुणकानं दुचाकी आणि ट्रॅक्टर सारख्याच पटीत वाढतात, आणि प्रत्यक्षात वाढतो तो फक्त ट्रॅक्टर.

त्यासाठी कारखान्याच्या वजनकाट्याची नोंद मागावी. कोणती गाडी किती वाजता काट्यावर आली ते तिथे मिनिटासकट लिहिलेलं असतं. रोज 3500 टन गाळणाऱ्या कारखान्याला, दोन ट्रॉल्या मिळून 20 टन धरले तर, 175 भरलेल्या खेपा लागतात. परतीच्या रिकाम्या धरून 350. त्यातल्या निम्म्याहून जास्त या चौकातून जातात. त्या दिवसभर सारख्या येत नाहीत. तोडणी संपली की संध्याकाळपासून रात्रीपर्यंत ताफ्यानं येतात. म्हणून दोन तास वेगळे धरावे लागतात: संध्याकाळी साडेपाच ते साडेसहा हा जास्तीत जास्त वाहनांचा आणि रात्री आठनंतरचा ट्रॅक्टरांचा. बहुतेक अहवालांत पहिलाच असतो.

कॅमेरा आठ-दहा मीटर उंचीवर लावावा, दर 15 मिनिटांचं वर्गीकरण करावं. सूर्य मावळल्यावर हेडलाइटच्या झगमगाटात आपोआप मोजणारी यंत्रणा दुचाकींचे घोळके एकच वाहन समजते. तेव्हा रात्रीच्या प्रत्येक तासातली 15 मिनिटं हातानं मोजून ताडून पाहावीत. आणखी एक चूक सर्रास होते: मोजणारा माणूस थांबण्याच्या रेषेवर बसवतात. चौक तुंबलेला असताना रेषेवरून जेवढं सुटतं तेवढीच मागणी दिसते, मागे अर्धा किलोमीटर रांग असली तरी. मोजणारा रांगेच्या शेपटाच्याही मागे बसवावा.

पीसीयूचा घोळ

सॉफ्टवेअरची तुलना करण्याआधी हा सोडवावा लागतो, नाही तर दोन सॉफ्टवेअरच्या उत्तरांतला फरक खरं तर दोन कोष्टकांतला फरक असतो. शहरी रस्त्यांच्या आयआरसी 106 (1990) मध्ये दुचाकींचं प्रमाण 10 टक्क्यांच्या वर गेलं की गुणक 0.75 होतो आणि रिक्षांचा 2. आपल्या चौकात दुचाकी निम्म्याहून जास्त आणि रिक्षा 10 टक्क्यांच्या किंचित वर. म्हणजे त्याच 1500 दुचाकी 750 च्या जागी 1125 पीसीयू होतात आणि 280 रिक्षा 560. फक्त या दोन वर्गांनी 655 पीसीयूचा फरक पडतो. तालुक्याचं गाव ग्रामीण धरायचं की शहरी, एवढ्याशा निर्णयाचा.

याचा परिणाम सिग्नलवर कसा होतो बघा. वेबस्टरच्या सूत्रानं सिग्नलच्या पूर्ण फेरीचा काळ म्हणजे 1.5 गुणिले वाया जाणारा वेळ, अधिक 5, भागिले (1 वजा वाय). वाय म्हणजे प्रत्येक टप्प्यातली मागणी भागिले संपृक्त प्रवाह, यांची बेरीज; संपृक्त प्रवाह म्हणजे हिरवा सलग राहिला तर रांगेतून ताशी जास्तीत जास्त जेवढं सुटेल तेवढं. चार टप्प्यांत 16 सेकंद वाया जातात असं धरलं आणि वाय 0.70 निघाला तर फेरी 97 सेकंदांची. वाय 0.85 निघाला तर 193 सेकंदांची. 120 च्या पुढची फेरी लोक मानत नाहीत, दुचाकीवाले लाल दिव्यातच निघतात. म्हणजे एका कोष्टकानं सिग्नल पुरतो, दुसऱ्यानं उड्डाणपूल लागतो.

यातून सुटायचा मार्ग म्हणजे संपृक्त प्रवाह जागेवर मोजणं. जुनं 525 गुणिले रुंदी हे सूत्र 7 मीटर रुंदीला ताशी 3675 पीसीयू देतं. पण त्या 7 मीटरांतले दोन-अडीच मीटर उभ्या रिक्षा आणि फळांचे गाडे खातात. चौकात सिग्नल नसला तरी वाहतूक हवालदार एक बाजू अडवून दुसरी सोडतोच. त्यानं हात दाखवल्यावर पहिले काही सेकंद सोडून, रांग संपेपर्यंत दर 5 सेकंदांत काय काय रेषा ओलांडतं ते चित्रफितीवरून मोजावं. अशी तीसेक आवर्तनं पुरतात. दिल्लीच्या केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेनं काढलेल्या इंडो-एचसीएम (2017) या रस्त्यांच्या क्षमतेच्या भारतीय नियमावलीतल्या आकड्यांशी ते ताडावं. परदेशी नियमावलीतलं प्रति पदर 1900 चं गृहीतक इथे घेऊ नये. आपल्याकडे पदरच पाळला जात नाही.

उमेदवार

सिड्रा हे ऑस्ट्रेलियात घडलेलं, छेदबिंदूंसाठीचं. गोल आणि बिनसिग्नलचे चौक यांत त्याचा हात धरणारं कमी. अंतर सापडलं की गाडी घुसते या तत्त्वावर ते प्रत्येक पदराचं गणित करतं. मिनिटाभरात उत्तर देतं. पण ते पदरावर आधारलेलं आहे आणि सरासरीत विचार करतं. सिंक्रो अमेरिकी नियमावलीवर उभं आहे, सिग्नलच्या वेळा जुळवायला चांगलं. जड वाहनांची टक्केवारी मागतं, दुचाकींना मात्र त्यात नीट जागा नाही. निम्म्याहून जास्त दुचाकी असलेल्या चौकाला ते इथेच बाद होतं.

एमसन नेक्स्ट हे बार्सिलोनाचं. एकाच जाळ्यात स्थूल, मध्यम आणि सूक्ष्म पातळी एकत्र चालवायची ताकद त्यात आहे. मोठ्या शहरासाठी विचारात घ्यावं, एका चौकाला ती ताकद वाया जाते. ट्रान्समॉडेलरचंही तेच.

उरतात दोन. जर्मनीच्या कार्ल्सरूहचं व्हिसिम, परवाना विकत घ्यायचा. आणि जर्मन अवकाश संस्थेनं 2000 च्या सुमारास सुरू केलेलं सुमो, मुक्त स्रोत, फुकट. दोन्हींत प्रत्येक वाहन वेगळं धावतं, म्हणून पीसीयूचा प्रश्नच उरत नाही. 1500 दुचाकी म्हणजे 1500 दुचाकी.

फुकट आणि विकतचं यांची तुलना परवान्याच्या किमतीवर थांबवू नये. सुमो चालवायला पायथॉन येणारा माणूस लागतो आणि मॉडेल बसवायला त्याचे जास्त दिवस जातात. उलट व्हिसिमचा परवाना असलेला सल्लागार बऱ्याचदा पुण्या-हैदराबादच्या एका माणसावर अवलंबून असतो. तो माणूस गेला की मॉडेलला कुणी वाली राहत नाही.

एका तासाची परीक्षा

माहितीपत्रकं वाचून निवड होत नाही. दोन्ही सॉफ्टवेअरना एकच तास द्यायचा: जानेवारीतल्या त्या संध्याकाळची गणना, तीच रुंदी, तोच हवालदाराचा अंदाजे क्रम. आणि चारही बाजूंच्या रांगा प्रत्यक्षात जितक्या लांब होत्या तितक्या येतात का ते बघायचं.

पहिली गोष्ट डाव्या बाजूची. व्हिसिमच्या नव्या फाइलमध्ये उजवीकडून चालणारी वाहतूक मूळ धरलेली असते. सुमोत जाळं बनवताना नेटकन्व्हर्ट या त्याच्या साधनाला डावीकडची सूचना द्यावी लागते. ओपनस्ट्रीटमॅपवरून जाळं आयात केलं तर तालुक्याच्या गावाच्या बोळी आणि रस्त्यांच्या रुंदी बऱ्याचदा नसतात. टेप घेऊन मोजणं आलंच.

मग पदर नसणं. व्हिसिममध्ये 7 मीटरचा एकच रुंद पदर आखतात. मोकळ्या रस्त्यावर वाहनानं कुठेही चालावं, त्याच पदरात डावी-उजवीकडून ओलांडावं, रांगेत हिऱ्याच्या आकारात शिरावं, असे पर्याय प्रत्येक वाहनवर्गासाठी वेगळे लावता येतात. पुढच्या वाहनामागे किती अंतर ठेवून चालायचं हे ठरवणाऱ्या मॉडेलांपैकी शहरी रस्त्यासाठी वीडेमान 74 घ्यायचं. त्यात थांबल्यावरचं अंतर मूळ 2 मीटर असतं, बाकी दोन गुणक 2 आणि 3. वरून काढलेल्या फोटोत दुचाकींमधलं अंतर मोजलं की ते अर्ध्या मीटराच्या आसपास निघतं. हे न बदलता मॉडेल चालवलं की रांग खऱ्यापेक्षा लांब दिसते आणि चौक आहे त्याहून वाईट ठरतो. सुमोत पदर न पाळण्यासाठी उपपदराचं मॉडेल आहे, म्हणजे पदराच्या रुंदीचे बारीक आडवे पट्टे. आडवी विभागणी 0.4 किंवा 0.8 मीटर ठेवायची. जितकी बारीक, तितकं संगणकाला जड.

दोन्हींत एक सापळा सारखाच आहे, आणि तो माहीत नसल्यानं चुकीचे अहवाल सही होऊन जातात. सुमोत एखादं वाहन 300 सेकंद अडकून राहिलं की ते उचलून पुढे टाकलं जातं. ही मूळ सोय आहे, बंद करायला टाइम-टू-टेलिपोर्टची किंमत वजा 1 करावी लागते. व्हिसिममध्ये पदर बदलायची वाट बघत थांबलेलं वाहन मूळ 60 सेकंदांनी जाळ्यातून नाहीसं होतं आणि त्याची नोंद चुकांच्या फाइलीत जाते. ती फाइल कुणी उघडत नाही. चित्रफितीत चौक सुरळीत वाहताना दिसतो, कारण अडकलेली वाहनं गायब झालेली असतात. तसंच जाळ्याच्या तोंडाशी आत शिरायलाच न मिळालेली वाहनं सरासरी विलंबात मोजली जात नाहीत. ती वेगळ्या आकड्यात असतात, तो आकडा अहवालात मागितलाच पाहिजे. वर्षाला 5 टक्के वाढ धरून 10 वर्षांनंतरची 2700 ची 4400 वाहनं टाकली की हा आकडा शेकड्यांत जातो, आणि तोच खरा निकाल असतो.

मॉडेल जुळलं की नाही हे ठरवायला जीईएच वापरतात: मॉडेल आणि गणना यांच्या फरकाचा वर्ग दुप्पट करून दोघांच्या बेरजेनं भागायचा आणि वर्गमूळ काढायचं. 85 टक्के ठिकाणी 5 च्या खाली आलं की मॉडेल पास. एका बाजूला 640 मोजली, मॉडेलमध्ये 560 आली, तर 3.27. ठीक. पण 40 ट्रॅक्टरांपैकी 20 च मॉडेलमध्ये आले तरी जीईएच 3.65 येतो. पास. निम्मा ऊस गायब, तरी पास. लहान आकड्यांना ही कसोटी फार सैल आहे. म्हणून ट्रॅक्टर वेगळे मोजावेत आणि चौक ओलांडायला त्यांना लागणारा वेळ घड्याळ लावून मॉडेलशी ताडावा.

हा वेळच या प्रकरणाचा कणा आहे. ट्रॅक्टर आणि दोन ट्रॉल्या मिळून लांबी सुमारे 15 मीटर, चौक 30 मीटर. शेपूट बाहेर पडायला 45 मीटर जावं लागतं. भरलेल्या ट्रॅक्टरचा वेग वाढण्याचा दर 0.3 मीटर प्रति सेकंद वर्ग धरला तर थांब्यापासून सुटून बाहेर पडायला 17 सेकंद. कारला 7 सेकंदांच्या आत. हिरव्याच्या शेवटच्या क्षणाला ताशी 15 किलोमीटरच्या चालीनं आत शिरलेल्या डबल ट्रॉलीला 11 सेकंद लागतात. 3 सेकंद पिवळा आणि 2 सेकंद सगळीकडे लाल दिला, तर आडवी बाजू सुटते तेव्हा मागची ट्रॉली अजून चौकात असते. सहा सेकंद बाकी असतात. रात्री रिफ्लेक्टर नसलेल्या ट्रॉलीला आडवा दुचाकीस्वार धडकतो तो याच सहा सेकंदांत.

सगळीकडे लाल 8 सेकंद केला तर? उसाच्या दोन बाजूंना सहा-सहा सेकंद वाढले, वाया जाणारा वेळ 16 चा 28 झाला. वाय 0.70 लाही फेरी 157 सेकंदांवर गेली. म्हणजे कायमचा वाढीव लाल परवडत नाही. ट्रॅक्टर आत असेल तेव्हाच लाल लांबवणारा, डिटेक्टरवर, म्हणजे वाहन ओळखणाऱ्या यंत्रावर, चालणारा सिग्नल हवा. सिड्रा हे दाखवू शकत नाही, कारण त्यात ट्रॅक्टर एका टक्केवारीत विरघळून जातो. व्हिसिममध्ये ट्रॅक्टरचा वेगळा वाहनप्रकार करून, त्याला स्वतःचा वेग आणि प्रवेग देऊन, त्याच्यापुरता डिटेक्टर लावता येतो. सुमोत तेच ट्रासीतून, म्हणजे प्रोग्राम लिहून, करता येतं. सूक्ष्म सिम्युलेशनचा खर्च या चौकाला या एका कारणासाठी सार्थ ठरतो.

गोलाचा पर्याय इथे फार वेळ खात नाही. आयआरसी 65 च्या 1976 च्या आवृत्तीत ताशी 3000 वाहनं ही गोलाची मर्यादा धरली होती. आज 2700 आहेत. दोन ट्रॉल्या वळायला लागणारी त्रिज्या मोंढ्याच्या भिंतीत जाते.

निवड

सुमोचा अडथळा उपपदरात आला नाही, चौकाच्या पोटात आला. बिनसिग्नलच्या तोंडाशी सुमोतली वाहनं अग्रक्रम काटेकोर पाळतात, रिक्षा थोडीथोडी पुढे सरकत जागा करते ते त्यांना सहज जमत नाही. अधीरता आणि दुसऱ्याकडे दुर्लक्ष करण्याची शक्यता, हे गुणक वाढवून जवळ जाता येतं, पण ते बसवायला बरेच दिवस जातात. व्हिसिममध्ये संघर्षक्षेत्रं (दोन प्रवाह एकमेकांना छेदतात त्या जागा) आणि अग्रक्रमाचे नियम वर्गागणिक सैल करता येतात. एसटीच्या दारातून बाहेर पडणारी बस, तोंडाशी थांबणाऱ्या रिक्षा (त्यांना बसथांब्यासारखं, थांबण्याच्या वेळांच्या वाटपासह बसवतात) हेही हाताशी आहे. आठ आठवड्यांच्या मुदतीत, एका चौकासाठी, व्हिसिम. सात-आठ सिग्नलांचा सलग रस्ता असता आणि पायथॉनचा माणूस कार्यालयात असता, तर सुमो. बायपास स्प्रेडशीटवर, पर्यायांची पहिली चाळणी इंडो-एचसीएमच्या सूत्रांवर.

बीजसंख्या (मॉडेलमधला यादृच्छिकपणा जिच्यावरून ठरतो ती संख्या) बदलून किती वेळा चालवायचं हेही आधी लिहून ठेवावं. 10 वेळा चालवल्यावर सरासरी विलंब 62 सेकंद आणि प्रमाण विचलन 9 आलं, आणि आपल्याला 5 सेकंदांच्या आतली खात्री हवी, तर 2.262 (10 वेळांसाठी 95 टक्के खात्रीचा टी-कोष्टकातला गुणक) गुणिले 9 भागिले 5, त्याचा वर्ग 16.6. म्हणजे 17 वेळा. सुरुवातीची 15 मिनिटं, जाळं भरेपर्यंतची, निकालातून वगळायची.

करारात चित्रफितीच्या ओळीच्या जागी या अटी घातल्या: मॉडेलच्या मूळ फाइली, सॉफ्टवेअरचा आवृत्ती क्रमांक, वापरलेल्या बीजसंख्या, मूळ किमतींतून बदललेल्या प्रत्येक गुणकाचं कोष्टक आणि त्यामागचं मोजमाप, चुकांची फाइल, आत न शिरलेल्या वाहनांचा आकडा, ट्रॅक्टरांची वेगळी पडताळणी. शेवटचा हप्ता, विभागाच्या अभियंत्यासमोर एक बीजसंख्या त्यानं स्वतः निवडून मॉडेल चालवलं आणि अहवालातलाच आकडा पडद्यावर आला, की मग.